नवी मोटार : किंमत, गुणवत्ता आणि विक्रेत्याची सेवा

काशीच्या अहिल्याबाई घाटापर्यंत मोटार जात नाही. दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्या मध्ये असलेल्या या घाटाचे जुने नाव केवलगिरी घाट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी तो दगडी बांधून घेतला आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आज नागपूर, पुणे वा नाशिकहून स्वतःच्या वाहनाने येणाऱ्या मराठी कुटुंबाला गोदौलियाच्या बरेच अलीकडे गाडी उभी करून उरलेले अंतर पायी वा रिक्षाने काटावे लागते. घाट पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट मात्र येथे नोंदविण्याजोगी आहे. अहिल्याबाईंनी देशभर मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या हे सर्वश्रुत आहे. परंतु बांधकाम पुरे झाल्यावर त्यांच्या नित्य खर्चाची आणि दुरुस्तीची व्यवस्था खासगीच्या उत्पन्नातून लावून दिली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. वास्तूची खरी किंमत तिच्या उभारणीच्या खर्चावर संपत नाही, हे त्या जाणत्या कारभारी स्त्रीस पक्के ठाऊक होते.

नवी मोटार घेणारा ग्राहक नेमका येथेच चुकतो. विक्रीदालनातील झळाळत्या गाडीची किंमत तो विचारतो, दोन कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडतो आणि कमी आकड्याकडे झुकतो. पुढील आठ-दहा वर्षांत ती गाडी किती इंधन पिईल, कोणत्या गावी दुरुस्त होईल, अपघातात माणसे कितपत सुरक्षित ठेवील आणि विकताना किती पैसे परत देईल, हे प्रश्न मागे पडतात. ज्यांची नोकरी बदलीची आहे, अशा बँक कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. पुण्यात घेतलेली गाडी उद्या वाराणसीच्या शाखेत रुजू होताना सोबत न्यावी लागते, तेव्हा तिचे गुणदोष खऱ्या अर्थाने उघड होतात.

एके काळी हा विचार करण्याची सोयच नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी आणि कोलकात्याजवळ तयार होणारी अॅम्बॅसेडर यांपैकी एक, तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर! डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटू लागले. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या ह्युंदाईने सँट्रो आणि पुण्याच्या टाटांनी इंडिका आणली, तेव्हा ग्राहकाला प्रथमच तुलनेचे सुख आणि तुलनेचा मनस्ताप एकदमच लाभले. आज चाकण, रांजणगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा एकट्या महाराष्ट्रातील केंद्रांतून अनेक कंपन्यांच्या गाड्या बाहेर पडतात. निवड भरपूर आहे. निवडीची कसोटी मात्र प्रत्येकाने स्वतःच ठरवावयाची आहे.

किमतीचा हिशेब

जाहिरातीत दिसते ती दालनातील किंमत होय. तीत राज्याचा मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क आणि विमा मिळविल्यावर 'रस्त्यावरची किंमत' तयार होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल वा सीएनजीचे १२०० घनसेंटिमीटरपर्यंतचे अथवा डिझेलचे १५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांवर हा कर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवरील गाड्यांवर ५ टक्के असा ठरला. बाजारातील कित्येक गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटरच का असते, याचे उत्तर या चार मीटरच्या रेषेत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, तेव्हापासून ही रेषा भारतीय मोटारीच्या आकाराला वळण देत आली आहे. ग्राहकाने एवढेच ध्यानात ठेवावे, की रेषेच्या जरा पलीकडची गाडी पसंत केल्यास वाढीव किमतीचा मोठा भाग सरकारच्या तिजोरीत जातो. गाडीच्या अंगी तेवढा गुण वाढतोच असे नाही.

राज्याचा कर प्रत्येक राज्यात निराळा आहे आणि तो बहुधा पंधरा वर्षांसाठी एकरकमी घेतला जातो. बदलीवर जाणाऱ्याची खरी अडचण येथे सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज बाकी असल्यास बँकेची संमती, नव्या राज्याचा कर आणि त्यानंतर पहिल्या राज्याकडून उरलेल्या काळाच्या कराच्या परताव्याची प्रतीक्षा, असा लांबलचक क्रम असतो. या जाचातून सुटका म्हणून सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' म्हणजेच भारत मालिकेची नोंदणी उपलब्ध झाली. केंद्र व राज्य सरकारचे, संरक्षण दलांचे आणि सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांचे व बँकांचे कर्मचारी, तसेच चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांचे कर्मचारी या नोंदणीस पात्र आहेत. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरावयाचा. त्याचा दर दहा लाखांपेक्षा कमी किमतीच्या गाडीस ८ टक्के, दहा ते वीस लाखांच्या गाडीस १० टक्के आणि त्यावर १२ टक्के असा नियमांत दिला आहे. डिझेलच्या गाडीस २ टक्के जास्त, विजेच्या गाडीस २ टक्के कमी. आश्चर्य असे, की पात्र असूनही अनेक कर्मचारी विक्रेत्याने पुढे केलेल्या अर्जावर सही करून मोकळे होतात आणि ही सोय त्यांना पहिल्या बदलीच्या वेळी समजते.

विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असा कोणताही नियम नाही. नव्या मोटारीला तृतीय पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र ग्राहक हवा त्या कंपनीकडून घेऊ शकतो. दोन-तीन कंपन्यांचे दर मागविले, तर फरक हजारांत निघतो. 'हाताळणी' वा तत्सम नावाने एखादी रक्कम कोटेशनमध्ये आढळल्यास ती कशासाठी, हे लेखी विचारावे. बऱ्याच वेळा हा प्रश्न विचारताच ती रक्कम नाहीशी होते.

कर्जाच्या मुदतीबद्दलही दोन शब्द. समजा, ८ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने घेतले. पाच वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार होते. मुदत सात वर्षे केली, की हप्ता १२,९०० च्या आत येतो. व्याज मात्र २ लाख ८१ हजारांवर जाते. हप्ता हलका झाल्याच्या आनंदात वरच्या श्रेणीची गाडी घेणारा ग्राहक हे ८५ हजार रुपये बहुधा मोजत नाही. शिवाय पाचव्या वर्षी गाडी विकावयाची झाल्यास दोन वर्षांचे कर्ज शिल्लकच असते.

इंधनाचे गणितही भावनेवर सोडू नये. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरमागे १८ किलोमीटर धावणारी गाडी, पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास, सुमारे ६६,७०० रुपयांचे इंधन घेते. २२ किलोमीटर धावणारी ५४,५०० रुपयांचे. वार्षिक बचत सुमारे १२ हजार. या बचतीसाठी खरेदीच्या वेळी दीड लाख रुपये अधिक मोजले असतील, तर ते वसूल होण्यास बारा वर्षे लागतील. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याने डिझेल वा संकरित इंजिनाच्या मोहात पडण्याचे कारण नाही. रोज शंभर किलोमीटर करणाऱ्याचे उत्तर अगदी वेगळे येईल.

गुणवत्ता म्हणजे नेमके काय?

दार बंद करताना येणारा भारदस्त आवाज, जाड पत्रा, मऊ आसने यांना ग्राहक गुणवत्ता समजतो. त्यात तथ्य नाही असे नाही, पण मोजता येण्याजोगी गुणवत्ता निराळी आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांच्या प्राथमिक श्रेणींची आघात चाचणी घेतली. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि त्यांत देशी, जपानी, कोरियन, अमेरिकन, जर्मन अशा सर्व कुळांच्या गाड्या होत्या! यांपैकी जर्मन गाडीचा सांगाडा भक्कम होता, केवळ एअरबॅग नव्हत्या. त्या बसविल्यावर तीच गाडी चार ताऱ्यांपर्यंत पोहोचली. काही गाड्यांचा सांगाडाच दुबळा असल्याने एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग झाला नसता. म्हणून अहवाल वाचताना ताऱ्यांबरोबरच 'सांगाडा स्थिर' की 'अस्थिर' हा शेरा अवश्य पाहावा. एअरबॅग पुढच्या वर्षी वाढविता येतात, सांगाडा बदलण्यास गाडीची नवी पिढी यावी लागते.

त्यानंतर परिस्थिती सुधारली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. मारुती वॅगन आरला २०२३ च्या चाचणीत प्रौढांसाठी एकच तारा मिळाला होता. त्याच कंपनीच्या नव्या डिझायरने २०२४ मध्ये पाच तारे मिळविले. यावरून ब्रँडच्या नावावरून सुरक्षेचा निष्कर्ष काढू नये, हे स्पष्ट होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची मूल्यांकन पद्धती सुरू झाली असून तीत ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरील बाजूचा आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने कडेचा आघात तपासला जातो. प्रौढ आणि बालके यांचे तारे स्वतंत्र असतात. लहान मुले असलेल्या कुटुंबाने दुसरा आकडा प्रथम पाहावा. ही चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे एखाद्या गाडीचा निकालच उपलब्ध नसेल, तर तोही एक प्रकारचा निकाल मानण्यास हरकत नाही.

टिकाऊपणाची कसोटी मात्र प्रयोगशाळेत लागत नाही. बाजार सर्वेक्षण करणाऱ्या संस्था दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, हे माप वापरतात. पहिल्या काही महिन्यांतील तक्रारी एका यादीत आणि अडीच-तीन वर्षांनंतरच्या तक्रारी दुसऱ्या यादीत असतात. दुसरी यादी अधिक बोलकी असते. नव्याने बाजारात आलेल्या गाडीविषयी इतिहासातील एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिल्या इंडिकाला मागणी प्रचंड आली, पण आरंभीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ आल्या. टाटांनी त्या मनावर घेतल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली 'व्ही टू' आणली. तीच पुढे घराघरांत पोहोचली. कोणत्याही कंपनीचे अगदी नवे प्रारूप पहिल्याच महिन्यात घेण्याची घाई नसेल, तर वर्षभर थांबणारा ग्राहक सहसा तोट्यात जात नाही.

आणि आकाराची गुणवत्ता? वाराणसीसारख्या शहरात हा प्रश्न हास्यास्पद नाही. नेक्सॉनची रुंदी सुमारे १,८०० मिलिमीटर आहे, वॅगन आरची १,६२०. अठरा सेंटिमीटरचा हा फरक दालनात जाणवत नाही. गोदौलियाच्या गर्दीत, जुन्या पुण्याच्या पेठेत किंवा वाड्याच्या बोळात आरसा मिटून गाडी काढताना तो चांगलाच जाणवतो. सुरक्षेच्या कसोटीवर मागे पडलेली गाडी गल्लीच्या कसोटीवर पुढे येते, असा पेच येथे पडतो. ज्याचे बहुतेक चालविणे शहरात ताशी तीस किलोमीटरच्या आत आहे, त्याने आणि जो महिन्यातून दोनदा महामार्गावर कुटुंबासह निघतो त्याने एकच उत्तर देऊ नये. दुसऱ्याने रुंदीची अडचण सोसावी आणि ताऱ्यांकडे पाहावे, हेच रास्त होय.

एक गाडी, दोन नावे

ब्रँड या शब्दाला किती किंमत द्यावी, हे कळण्याचा एक नामी मार्ग बाजारानेच उपलब्ध करून दिला आहे. जून २०१९ मध्ये टोयोटाने ग्लॅन्झा आणली. ती मूलतः मारुतीची बलेनो होती. इंजिन तेच, सांगाडा तोच. परंतु त्या वेळी बलेनोला दोन वर्षे अथवा ४०,००० किलोमीटरची हमी होती आणि ग्लॅन्झाला तीन वर्षे अथवा १ लाख किलोमीटरची. म्हणजे गाडी एकच असून विकणाऱ्याने स्वीकारलेली जबाबदारी वेगळी होती. उलट, मारुतीची सेवाकेंद्रे तालुक्या-तालुक्यांत. देशभरात त्यांची संख्या आज पाच हजारांच्या वर आहे. टोयोटाचे जाळे त्या मानाने विरळ, पण कार्यशाळेतील शिस्तीबद्दल नावलौकिक मोठा. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही आपली हमी तीन वर्षे अथवा १ लाख किलोमीटरवर नेली आणि तो फरक मिटला. चाकणच्या एकाच कारखान्यातून निघणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून या जोडीकडेही असेच पाहता येईल. अशा जोड्यांमध्ये ग्राहकाने गाडी पाहण्यात वेळ घालवू नये. आपल्या गावातील दोन्ही विक्रेते पाहावेत.

विक्रेता आणि कार्यशाळा

कंपनी एक आणि विक्रेता दुसरा, हा भेद बहुतेकांच्या ध्यानात नसतो. विक्रेता हा स्वतंत्र व्यावसायिक असतो. एकाच कंपनीचा एका शहरातील विक्रेता सचोटीचा आणि दुसऱ्या शहरातील निष्काळजी असू शकतो. म्हणूनच राष्ट्रीय पातळीवरील समाधान निर्देशांक मार्गदर्शक असले, तरी निर्णायक नसतात. मारुती २००० नंतर अनेक वर्षे अशा सर्वेक्षणांत अग्रस्थानी राहिली, पुढे ह्युंदाईने ते स्थान मिळविले. यावरून कंपनीचा कल कळतो, आपल्या गावच्या कार्यशाळेचा मालक कळत नाही.

तो कळण्यासाठी दालनात नव्हे, कार्यशाळेत जावे. शनिवारी सकाळी तासभर थांबल्यास पुष्कळ काही दिसते. गाडी स्वीकारताना कामाची यादी म्हणजे जॉबकार्ड ग्राहकासमोर लिहिले जाते का, खर्चाचा अंदाज आधी दिला जातो का, बदललेला जुना भाग मागितल्यास दाखविला जातो का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुटा भाग उपलब्ध नसल्याने किती गाड्या आवारात धूळ खात उभ्या आहेत. नियमित सेवेच्या दरपत्रकाची प्रत मागावी. चाळीस हजार किलोमीटरपर्यंतचा खर्च दोन कंपन्यांचा ताडून पाहिला, तर दालनातील सवलतीचा मोठेपणा बऱ्याच वेळा ओसरतो. सुट्या भागांचा प्रश्न तसा जुनाच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल होता.

बदलीवरच्या माणसाने तर नकाशाच पुढे घ्यावा. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीत सुरू होऊन मिर्झापूर, रेवा, जबलपूर, सिवनी, नागपूर असा थेट कन्याकुमारीपर्यंत जात असे. २०१० मध्ये क्रमांक बदलले, रस्ता तोच राहिला. काशी ते नागपूर हे सुमारे साडेसातशे किलोमीटरचे अंतर आहे आणि त्यात जंगलाचा व घाटाचा मोठा पट्टा येतो. या वाटेवर आपल्या कंपनीचे सेवाकेंद्र किती गावांत आहे, हे प्रवासापूर्वी नव्हे, खरेदीपूर्वी पाहावे. घाटावरचे नावाडीही हाच विचार करतात. २०२१ पासून काशीतील नावांची डिझेल इंजिने बदलून सीएनजीची बसविण्याचे काम सुरू झाले, तेव्हा इंजिन किती वाचवील याच्याइतकेच, ते बिघडल्यास दुरुस्त कोण करील आणि गॅस कोठे भरावयाचा, हे प्रश्न महत्त्वाचे होते. त्यासाठी पुढे नदीकाठीच गॅस भरण्याची सोय उभी राहिली.

कंपनी देशात टिकेल काय, हाही सेवेचाच भाग आहे. कल्याणच्या कारखान्यात जुळणी होणारी प्यूजो ३०९ १९९० च्या दशकातच अल्पायुषी ठरली. त्यापाठोपाठ देवू गेली. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली. तळेगावचा तिचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी येथील उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले. या गाड्या वाईट होत्या असे नाही, कित्येक तर चालविण्यास उत्कृष्ट होत्या. परंतु घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जुन्या बाजारातील किमती घसरल्या आणि सुट्या भागांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांची विक्री महिन्याकाठी अत्यल्प आहे अशा कंपनीची गाडी घेणाऱ्याने ती शेवटपर्यंत वापरण्याच्या तयारीनेच घ्यावी.

तक्रार झालीच, तर ती प्रथम लेखी स्वरूपात विक्रेत्याकडे आणि तिची प्रत कंपनीकडे द्यावी. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्यात घेतलेल्या गाडीची तक्रार वाराणसीत राहणारा ग्राहक तेथेच दाखल करू शकतो, ही बदलीवरील कर्मचाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, नोंदणी होण्याच्या आधीच, ती दिवसाउजेडी पाहून घ्यावी. चासी क्रमांकाच्या पट्टीवरील निर्मितीचा महिना, टायरवरील आठवडा व वर्ष, किलोमीटरचा आकडा, रंगावरील डाग यांची नोंद करावी. डिसेंबरात विकली जाणारी गाडी वसंत ऋतूतच तयार झालेली असू शकते. तसे असल्यास सवलत मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. नमुना २१ म्हणजे विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ म्हणजे उत्पादकाचे रस्त्यायोग्यतेचे प्रमाणपत्र, या दोहोंच्या प्रती जपून ठेवाव्यात. कर्ज असल्यास नोंदणी पुस्तकात बँकेच्या नावे बोजा चढतो. शेवटचा हप्ता फिटला की तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्यासह नमुना ३५ घेऊन नोंदणी कार्यालयात तो उतरवून घ्यावा लागतो, आणि विमा कंपनीलाही तसे कळवावे लागते.